केना : अल्पजीवी फुलाची एक दीर्घायू प्रजाती
(बारामती व इंदापूर परिसराच्या संदर्भात)

१. विषयप्रवेश

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन तालुके पर्जन्यछायेत येतात. दक्षिणेस नीरा, इंदापुराच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, आणि बारामती शहराजवळून वाहणारी कऱ्हा, अशा नद्यांच्या सान्निध्यात असूनही या भूमीला पावसाचे दान बेताचेच लाभले आहे. सरासरीने वर्षास सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातलाही मोठा वाटा उत्तरा-हस्त नक्षत्रांचा. म्हणून या भागातील वनस्पतिजीवनाला घाई असते. माळावरच्या उथळ मुरमाड जमिनीत ओल टिकते ती काही आठवडे. तेवढ्या अवधीत रुजणे, वाढणे, फुलणे आणि बी धरणे ही सर्व कार्ये उरकावी लागतात.

अशा घाईच्या वनस्पतींपैकी अत्यंत परिचित, आणि परिचयामुळेच दुर्लक्षित, अशी एक ओषधी म्हणजे केना होय. बाजरीच्या शेतात, उसाच्या सरीत, पाटाच्या कडेला आणि बांधाच्या सावलीत तो सारख्याच निर्धास्तपणे वाढतो. भांगलण करणाऱ्या स्त्रिया त्याला उपटून टाकतात, शेळ्या-गुरे तो खातात, कोवळा असताना त्याची भाजी आणि पानांची भजीही होतात. मात्र त्याचे निळे फूल लक्षपूर्वक पाहिलेले लोक थोडे. त्याचे कारण साधे आहे. ते फूल पहाटे उमलते आणि बहुधा मध्यान्हीच्या सुमारास नाहीसे होते. पाहणारा उशिरा पोहोचला तर त्याला झाड दिसते, फूल दिसत नाही.

केना ज्या प्रजातीत मोडतो तिचे शास्त्रीय नाव कोमेलिना. तिच्या सुमारे १७० जाती जगाच्या उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत पसरल्या आहेत. इतक्या अल्पजीवी फुलाच्या आधारावर एवढा विस्तार कसा साधला, हा या प्रजातीविषयीचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर फुलाच्या रचनेत काही अंशी, आणि मातीखाली बऱ्याच अंशी, दडलेले आहे. प्रस्तुत लेखात प्रथम ते उत्तर मांडून नंतर त्यातून शेती, संग्रहविद्या आणि नामविचार या तीन क्षेत्रांत उद्भवणाऱ्या गोष्टींचा परामर्श घेतला आहे.

२. प्रजातीची लक्षणे

कोमेलिना ही एकदलिकित वनस्पतींपैकी असून तिच्याच नावाने तिचे कुल ओळखले जाते. या प्रजातीतील वनस्पती वर्षायू किंवा बहुवर्षायू ओषधी असतात. खोड रसाळ व मऊ, पेरांनी युक्त, आणि बहुधा जमिनीवर लोळणारे असते. पेर ओल्या मातीला टेकले की तेथून आगंतुक मुळे फुटतात. पानाचा तळ खोडाभोवती नळीसारखा वेढलेला असतो. या नळीस आवरक म्हणतात. गवताच्या पानाचा आवरक सामान्यतः एका बाजूने उघडा असतो, केन्याचा मिटलेला असतो. पावसाळ्याच्या आरंभी कोवळी रोपे ओळखताना हा भेद उपयोगी पडतो.

प्रजातीचे खरे ओळखचिन्ह म्हणजे महाछद. फुलोऱ्याला कवेत घेणारे, मध्यशिरेवर दुमडलेले, होडीसारखे किंवा नरसाळ्यासारखे हे एक रूपांतरित पान होय. कळ्या या महाछदात दडलेल्या असतात. एकेक कळी आपल्या पाळीने देठ लांबवून बाहेर येते, उमलते, आणि फूल संपताच देठ वाकून पुन्हा आत शिरते. फळाची पुढील वाढ महाछदाच्या आतच होते. त्यात अनेकदा बुळबुळीत द्रव साठलेला असतो; महाछद चिमटीत दाबला की त्याचा थेंब बोटावर येतो.

बारामती-इंदापूरसारख्या दख्खनी प्रदेशात या प्रजातीचा विचार करताना तीन जाती विशेषेकरून ध्यानात घ्याव्यात. पहिली कोमेलिना बेंगालेन्सिस, म्हणजे नेहमीचा केना. हिची पाने रुंद, अंडाकृती. आवरकाच्या तोंडाशी तांबूस केसांची झालर. महाछदाच्या कडा तळाशी जुळून त्याचे नरसाळे झालेले. दुसरी कोमेलिना फोर्स्काओली. हिची पाने अरुंद व कडेला नागमोडी असून ती कोरड्या, उघड्या जागी वाढते. तिसरी कोमेलिना डिफ्यूजा. हिची पाने भाल्यासारखी आणि महाछदाच्या कडा तळापर्यंत मोकळ्या असतात. ती पाणथळ कडांना, ओहोळांच्या काठी आढळते. नीरा डाव्या कालव्याने, आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाने, या कोरड्या भूमीत ओल्या कडांचे जाळे निर्माण केले. एकाच गावाच्या शिवारात माळाची वनस्पती आणि पाटाची वनस्पती काही पावलांच्या अंतरावर दिसते, ती यामुळेच.

गुणसूत्रांच्या दृष्टीनेही नेहमीचा केना काहीसा वेगळा आहे. प्रजातीतील बऱ्याच जातींची मूलसंख्या १५ मानली जाते. केन्याची मात्र ११ असून २२, ४४ व ६६ गुणसूत्रांची झाडे नोंदलेली आहेत. एकाच नावाखाली वावरणारे हे भिन्न गट सवयीनेही किंचित भिन्न असतात, हे स्थानिक अभ्यास करणाऱ्याने विसरू नये.

३. सकाळचे फूल

केन्याच्या फुलास तीन संदले व तीन पाकळ्या असतात. वरच्या दोन पाकळ्या मोठ्या, निळ्या, अरुंद देठावर पसरट पाते असलेल्या असतात. तिसरी खालची पाकळी लहान व फिकट असते. त्यामुळे फूल सर्व बाजूंनी सारखे न दिसता, उभ्या रेषेत कापले असताच दोन समान अर्धे होतात.

केसरदले सहा असली तरी ती सारखी नसतात. खालची तीन जननक्षम असून त्यांतील मधल्याचा परागकोश बाजूच्या दोहोंपेक्षा मोठा असतो. वरची तीन वंध्य असतात. त्यांच्या टोकाशी परागकोशाऐवजी पिवळ्याधमक, खंडयुक्त गाठी असतात. या फुलात मध नाही. कीटकाला देण्यासारखे फुलाजवळ फक्त पराग आहेत, आणि नेमके तेच फुलाला स्वतःच्या वंशवृद्धीसाठी हवे आहेत. या पेचातून पिवळ्या गाठी मार्ग काढतात. निळ्या पार्श्वभूमीवर त्या परागांच्या राशीसारख्या भासतात. मधमाशी त्यांच्याकडे आकृष्ट होऊन फुलावर उतरते, आणि तिच्या अंगाचा खालचा भाग पुढे आलेल्या खऱ्या परागकोशांना व किंजल्काला लागतो. एकाच फुलातील केसरदलांमध्ये श्रमविभाग असू शकतो हा विचार जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान म्युलर याने १८८० च्या दशकात मांडला. पुढे जपानमध्ये कोमेलिना कम्युनिस या जातीवर झालेल्या प्रयोगांत हे पिवळे अवयव काढून टाकल्यास कीटकांचे वर्तन बदलते, असे दिसून आले.

पाकळ्यांच्या निळ्या रंगाचे रहस्यही याच जपानी जातीवरून उलगडले. तो रंग एका साध्या रंगद्रव्याचा नाही. अँथोसायनिनाचे सहा रेणू, फ्लेव्होनाचे सहा रेणू आणि मॅग्नेशियमचे दोन अणू यांची विशिष्ट रचना झाली म्हणजे तो निळा रंग सिद्ध होतो. या रचनेचे स्फटिकीय चित्र १९९२ साली प्रसिद्ध झाले. हा रंग पाण्याने धुऊन जातो. या दोषाचाच जपानी कारागिरांनी गुण केला. रेशमावर नक्षी रंगविण्यापूर्वीचे आरेखन ते या फुलाच्या रसाने करीत, म्हणजे काम पुरे झाल्यावर रेषा मागे उरत नसे. जपानी भाषेत या वनस्पतीचे नाव ‘त्सुयुकुसा’, म्हणजे दवाचे गवत, असे आहे. दव जसे उन्हाबरोबर जाते तसे हे फूल जाते, हा भाव त्या नावात सहज उतरला आहे.

आणि ते खरोखरच दवासारखे जाते. इतर बऱ्याच फुलांच्या पाकळ्या सुकतात व गळतात. केन्याच्या पाकळ्या विरघळतात. पेशींच्या भित्ती आतून सैल पडतात आणि नाजूक पाते ओलसर निळ्या थेंबासारखे आकसून जाते. हे ऊन लागल्याने अपघाताने घडते असे नव्हे. फुलाच्या आयुष्यक्रमातच ते ठरलेले आहे. ढगाळ दिवशी फूल थोडे अधिक टिकते इतकेच.

परंतु मिटण्यापूर्वी एक महत्त्वाची क्रिया घडते. किंजल आणि केसरदलांचे तंतू वळून आत गुंडाळले जातात. या गुंडाळण्यात परागकोश व किंजल्क एकमेकांस भिडतात आणि सकाळी कीटक न आला तरी स्वपरागण होऊन जाते. म्हणजे सकाळभर फूल परक्या परागाची वाट पाहते, आणि दुपारी ती वाट संपवून घरच्या परागावर भागवते. कीटक आला तर उत्तम; न आला तरी बी धरण्यास अडचण नाही.

४. मातीखालचे फूल

आतापर्यंत वर्णिलेले फूल हे केन्याचे दर्शनी फूल होय. ज्याच्यावर त्याची खरी भिस्त आहे ती फुले कधीच उमलत नाहीत.

नेहमीच्या केन्याला तीन प्रकारची फुले येतात : जमिनीवर उमलणारी, जमिनीवरच परंतु मिटलेल्या स्थितीत राहणारी, आणि जमिनीखाली मिटलेल्या स्थितीत राहणारी. खोडाच्या तळापासून पांढुरक्या, पर्णहीन शाखा निघून मातीत शिरतात. त्यांवर फिकट महाछद येतात, त्यांत कळ्या धरतात, आणि कळीच्या आतच पराग रुजून फलन होते. अशा कधीच न उमलणाऱ्या फुलांना अनुन्मीलित फुले म्हणता येईल. चार्ल्स डार्विन याने १८७७ साली फुलांच्या विविध रूपांवर लिहिलेल्या ग्रंथात या प्रकारच्या फुलांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले होते. केना व कोमेलिना फोर्स्काओली या दोन जातींतील पुष्पद्विरूपतेचा सविस्तर अभ्यास पंचानन माहेश्वरी व जे. के. माहेश्वरी यांनी १९५५ साली ‘फायटोमॉर्फॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे २००० साली जम्मू विद्यापीठातील संशोधकांनी ‘करंट सायन्स’ मधून भूमिगत फुलाचा पुन्हा परामर्श घेतला. भारतीय वनस्पतिशास्त्राने या विषयास दिलेली ही भर विद्यार्थ्यांच्या वाचनात यावी अशी आहे.

भूमिगत फुलाला पाकळ्यांचा डौल नको, पिवळ्या गाठींची फसवणूक नको, सकाळची वेळही नको. त्याला लागणारा खर्च थोडा आणि फलाची खात्री मोठी. उलटपक्षी, त्यातून येणारी संतती एकाच झाडाच्या गुणांची असते. नव्या गुणांचा संकर तेथे होत नाही. तो संभव फक्त सकाळच्या निळ्या फुलात आहे. एक फूल संकराची आशा जागी ठेवते, दुसरे वंशाची शाश्वती देते. पाऊस चांगला झाला तर दोहोंचा लाभ होतो. पावसाने ओढ दिली, तर मातीखालची ठेव तरी हाती लागते. ज्या प्रदेशात पावसाचा भरवसा नाही तेथे ही दुहेरी व्यवस्था किती समर्पक आहे हे सांगावयास नको.

बियांतही असाच भेद आहे. जमिनीवरील बोंडात सामान्यतः पाच बिया असतात, एक मोठी व चार लहान. भूमिगत बोंडात तीन, एक मोठी व दोन लहान. अशा रीतीने एकाच झाडाला चार प्रकारच्या बिया येतात. क्वीन्सलंडमध्ये झालेल्या व १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चारही प्रकारांची रुजण्याची तयारी वेगवेगळी असल्याचे आढळले. भूमिगत मोठी बी ताजी असतानाच रुजण्यास सर्वांत तत्पर असते, तर हवेतील लहान बी दीर्घकाळ सुप्त राहते. भूमिगत बी आईच्या जागेवरच, ओळखीच्या मातीत रुजते. हवेतील बी पाण्याबरोबर, मातीबरोबर, गुरांच्या खुरांबरोबर दूर जाते आणि योग्य वेळेची वाट पाहते.

५. तण या नात्याने

वरील विवेचन केवळ जिज्ञासेचे नाही. त्याचा संबंध भांगलणीच्या मजुरीशी, म्हणजे शेतकऱ्याच्या खर्चाशी आणि शेतमजूर स्त्रीच्या श्रमाशी, पोहोचतो.

क्वीन्सलंडच्या त्याच अभ्यासात भूमिगत फुले जमिनीवरील फुलांच्या आधी धरतात असे दिसले. याचा अर्थ असा की निळे फूल दिसू लागले तेव्हा मातीखाली बी धरण्यास आरंभ झालेला असतो. “फुलावर आला, आता काढू” असे म्हणून थांबलेला शेतकरी दर्शनी फुलाच्या वेळापत्रकावर विसंबतो आणि मातीखालचे वेळापत्रक चुकवतो. पहिली खुरपणी लवकर करण्यामागे जो जुना शहाणपणा आहे त्याचे शास्त्रीय समर्थन येथे मिळते.

दुसरी गोष्ट उपटलेल्या केन्याची. खोड रसाळ असल्याने ते लवकर वाळत नाही. ओल्या बांधावर ढीग करून टाकलेल्या केन्याच्या पेरांना मुळे फुटतात आणि खुरप्याने झालेले तुकडेच नव्या झाडांचे बेणे ठरतात. कुळवाची पाळी दिल्यानेही, ओल असेल तर, हाच परिणाम होतो. उन्हाची ताप असताना काढून तो कोरड्या जागी पसरणे किंवा गुरांपुढे टाकणे हा साधा उपाय अधिक परिणामकारक ठरतो.

तिसरी गोष्ट तणनाशकांची. ग्लायफोसेट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तणनाशकाला केना बऱ्यापैकी दाद देत नाही. याचा मोठा अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना आला. तेथे केना हा परदेशी पाहुणा. १९८३ साली त्याला संघराज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत घालण्यात आले. पुढे ग्लायफोसेट सहन करणाऱ्या कापसाचे वाण आले, शेतकरी त्या एकाच औषधावर विसंबू लागले आणि नांगरट कमी झाली. इतर तणे हटली, त्यांची जागा केन्याला मोकळी मिळाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांतच जॉर्जिया राज्यातील कापूस उत्पादकांना तो सर्वांत त्रासदायक तणांपैकी एक वाटू लागला. एकाच उपायावर भिस्त ठेवली की ज्याच्यावर तो उपाय चालत नाही त्याचेच राज्य होते. बारामती-इंदापूरच्या बागायतीत मजुरांची टंचाई वाढत असून तणनाशकाचा पंप खुरप्याची जागा घेत आहे. अशा वेळी जॉर्जियाचा धडा येथे विसरून चालणार नाही.

तथापि तण हा शब्द वनस्पतीचा गुण सांगत नाही. तो मनुष्याची अडचण सांगतो. बाजरीच्या ओळीत उपद्रवी असलेला केना गोठ्यात चारा होतो आणि चुलीवर भाजी. प्रयोगशाळेत तर तो, विशेषतः त्याची भावंडे, मानाच्या स्थानी आहेत. कोमेलिनाच्या पानाची खालची त्वचा अखंड सोलून निघते व तिच्यावरील त्वग्रंध्रे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. त्वग्रंध्रे कशी उघडतात व मिटतात, पाण्याचा ताण पडला की वनस्पती ती कशी आवरते, याविषयीच्या ज्ञानाचा बराच भाग कोमेलिना कम्युनिसच्या अशा सोललेल्या त्वचेवर सिद्ध झाला आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळासारख्या ताणांचाच अभ्यास करते. त्या ज्ञानाच्या पायाशी असलेल्या प्रजातीचा एक प्रतिनिधी तिच्या परिसरातील बांधांवरच उभा असावा, हा योग लक्षणीय होय.

६. संग्रहातील रिकामी जागा

कोमेलिना कुलाच्या वर्गीकरणात संशोधकांना एक अडचण आरंभापासून जाणवत आली आहे. वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवण्याची संग्रहालयाची पद्धत या फुलापुढे हतबल होते. विरघळणारी पाकळी दाबकागदावर फार तर एक निळसर डाग ठेवते. केसरदलांची संख्या व रचना, वंध्य गाठींचा आकार, पाकळ्यांचे प्रमाण ही जी लक्षणे जाती ठरविण्यास आवश्यक, तीच नमुन्यातून नाहीशी होतात. सी. बी. क्लार्क याने १८८१ साली या कुलावर लिहिलेला प्रबंध, किंवा थिओडोर कूक याची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची, ही कामे आजही आधारभूत आहेत. परंतु अशा ग्रंथांतील वर्णने ताज्या फुलाशी ताडून पाहिल्यावाचून या कुलाचा अभ्यास पुरा होत नाही.

यातून निघणारा नियम सोपा, पण पाळण्यास अवघड आहे. या प्रजातीचे निरीक्षण शेतात, सकाळी, फूल उमललेले असतानाच झाले पाहिजे. पुण्याहून बारामती सुमारे शंभर किलोमीटर. सकाळी निघालेली सहल तेथे पोहोचून न्याहरी आटोपते तोवर फुलाची वेळ सरत आलेली असते. विद्यार्थ्यांनी आदल्या रात्री मुक्काम करावा, उमलण्याची व मिटण्याची वेळ, आकाशस्थिती, येणारे कीटक यांची जागेवरच नोंद करावी, फुलाचे अवयव सुटे करून मद्यार्कात ठेवावेत, रंगीत छायाचित्र घ्यावे, आणि झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह, हलकेच उकरावे. नुसते उपटलेले झाड भूमिगत फुले मातीतच ठेवून येते. ज्याच्या नमुन्यात सकाळही नाही आणि मातीही नाही, त्याने केन्याचा अर्धाअधिक भाग गमावला असे समजावे.

७. नामविचार

या प्रजातीच्या नावांचा इतिहास तिच्या फुलाइतकाच उद्बोधक आहे. फ्रेंच वनस्पतिज्ञ शार्ल प्ल्युमिए याने १७०३ साली कोमेलिना हे नाव योजिले ते ॲमस्टरडॅमच्या कोमेलिन घराण्याच्या गौरवार्थ. लिनियसने ते स्वीकारले आणि १७३७ साली त्यावर एक मिस्कील भाष्य केले : या घराण्यात तीन वनस्पतिज्ञ झाले, त्यांपैकी दोघे फुलाच्या दोन ठळक पाकळ्यांप्रमाणे नावारूपास आले, तिसरा काही करून दाखविण्यापूर्वीच निवर्तला, म्हणून तिसरी पाकळी निस्तेज. केन्याला बेंगालेन्सिस हे जातिनाम लिनियसनेच १७५३ साली दिले.

या घराण्यातील थोरला यान कोमेलिन (१६२९–१६९२) याचा आपल्या भाषांशी एक दूरचा संबंध पोहोचतो. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मालाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या काही खंडांना टीपा जोडण्याचे काम यान कोमेलिनने केले. त्या ग्रंथाच्या सिद्धतेत रंग भट, विनायक पंडित व आपु भट या कोकणी वैद्यांचा वाटा होता. १६७५ सालचे त्यांचे निवेदन ग्रंथात नागरी अक्षरांत छापलेले आहे, आणि चित्रांवरही नागरीत नावे कोरलेली आढळतात. केन्याचे लॅटिन नाव ज्याच्या घराण्यावरून आले, त्याच्या लेखणीसमोर नागरीतील वनस्पतिनामे होती.

केन्याच्या कुलातच दुसरी एक प्रजाती आहे, मर्डानिया. हे नाव जॉन फोर्ब्स रॉयल याने १८४० साली दिले ते सहारनपूरच्या वनस्पतिसंग्रहाचे रक्षक व संग्राहक मर्दान अली यांच्या स्मरणार्थ. युरोपीय व्यापारी घराणे आणि हिंदी संग्राहक हे असे एकाच कुलात शेजारी नांदत आहेत.

आता लोकनामाकडे वळू. मराठीत ‘केना’ व ‘केनी’ ही दोन्ही रूपे आढळतात. विळा–विळी, सुरा–सुरी, गाडा–गाडी या जोड्यांत ‘आ’कारान्त पुल्लिंगी रूप थोरपणा व ‘ई’कारान्त स्त्रीलिंगी रूप लहानपणा किंवा नाजूकपणा दाखवते. केना–केनी ही जोडी त्याच साच्यात बसते. परंतु ती दोन जातींचा, दोन वयांचा, दोन उपयोगांचा, की केवळ दोन गावांचा भेद दाखवते, हे घरी बसून ठरविता येण्याजोगे नाही. एक शेतात उपटण्याचा आणि दुसरी ताटात वाढण्याची, अशी वाटणी कोणास आकर्षक वाटेल. आकर्षक वाटणे हा मात्र पुरावा नव्हे.

व्युत्पत्तीविषयीही असाच संयम हवा. हिंदी कनकौआ, बंगाली कानशिरा, तमिळ कानावाळै ही याच वनस्पतीची नावे मराठी केन्याशेजारी ठेवली की ‘क’ व ‘न’ यांचे साम्य डोळ्यांत भरते. परंतु बंगाली शब्दात कान हा अवयव दिसतो, तमिळमध्ये ‘कान्’ म्हणजे अरण्य असाही अर्थ आहे, आणि दोन व्यंजनांचे साम्य योगायोगानेही घडते. नियमित ध्वनिपरिवर्तनाची साखळी आणि जुन्या लेखनातील आधार यांवाचून चार शब्दांना एका कुळात बसविणे योग्य होणार नाही. वनस्पतिशास्त्रात रंगसाम्यावरून कूळ ठरवीत नाहीत; भाषाशास्त्रातही तोच दंडक असावा.

बर्लिन, ब्रीडलव्ह व रेव्हन यांनी १९७३ साली लोकवर्गीकरणाची जी सामान्य तत्त्वे मांडली, त्यांनुसार लोकभाषेतील मूलभूत वनस्पतिनामे पुष्कळदा शास्त्रीय जातीशी किंवा प्रजातीशी जुळतात. रुंद पानाचा, अरुंद पानाचा, पाटाकडेचा अशा भिन्न जातींना शेतकरी एकाच नावाने संबोधीत असेल, तर महाछद हे एकत्वाचे लक्षण त्यानेही हेरले असे म्हणावे लागेल. यासाठी नुसते ‘स्थानिक नाव : केना’ एवढी नोंद पुरेशी नाही. नाव कोणी सांगितले, कोणत्या गावी, झाड कोणत्या अवस्थेत असताना, त्याचे लिंग, अनेकवचन व सामान्यरूप काय, शेजारच्या सदृश झाडाला तीच व्यक्ती काय म्हणते, हे सर्व लिहून घेतले पाहिजे. तणे हातांनी ओळखून काढणाऱ्या स्त्रियांची पिढी या नावांची मुख्य धारक आहे. जेथे तण ओळखावे न लागता केवळ फवारले जाते, तेथे त्याचे नाव घेण्याचा प्रसंगही उरत नाही. केना स्वतः टिकून राहील यात शंका नाही. त्याला ओळखणारे शब्द तितके चिवट नाहीत. त्यांना मातीखाली बी धरण्याची सोय नसते.

८. समारोप

अल्पजीवी फूल म्हणजे दुबळी वनस्पती, हा समज केन्याच्या अभ्यासाने दूर होतो. त्याचे निळे फूल काही तासांचे असते, परंतु त्यामागे दुपारचे स्वपरागण, मिटलेली फुले, मातीखालची बोंडे, चार प्रकारच्या बिया आणि पेरांतून फुटणारी मुळे अशी व्यवस्था उभी आहे. त्याच्या आयुष्यातील क्षणिक भाग एकच, आणि तोच नेमका अभ्यासकाला हवा असतो.

बारामती व इंदापूरच्या शिवारांत या प्रजातीच्या जातींची, त्यांच्या वेळापत्रकांची व नावांची एकत्रित नोंद वनस्पतिशास्त्र आणि भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगी आहे. त्यासाठी मोठी साधनसामग्री लागत नाही. एक भिंग, एक वही, खुरपे आणि सूर्योदयाला शेतात हजर राहण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. खुरपे कसे धरावे हे मात्र भांगलणीला आलेल्या स्त्रियांकडूनच शिकून घ्यावे, आणि त्याच वेळी झाडाचे नावही विचारावे.